स्वच्छ पाण्यानं मेलेले मासे : पुण्यातल्या एका टाकीचं प्रकरण

ही गोष्ट पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातली. टाकीच्या मालकांना मी इथे नुसतं 'काका' म्हणतो. त्यांची ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. पाण्याचे आकडे मात्र त्या वेळी वहीत लिहिलेले आहेत, तसेच दिलेत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी काकांनी टाकीतलं अर्धं पाणी बदललं. रविवारी सकाळी अकरापर्यंत २७ पैकी १६ मासे गेले होते. पाणी बदलण्याआधी सगळे जिवंत होते. बादलीत ओतलेलं पाणी निवळशंख होतं, क्लोरीन काढलेलं होतं आणि त्याचं तापमानही काकांनी त्यांच्या परीनं सांभाळलं होतं. मग झालं काय?

पार्श्वभूमी

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. हिशेबानं साधारण १६० लिटर भरतात. खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी १४० लिटर. काका बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी ही टाकी घरात आली. तिला दोन वर्षं होत आली होती. मासे असे : ४ एंजल, १२ निऑन टेट्रा, ६ कोरी, २ पर्ल गुरामी, २ विडो टेट्रा आणि काचेला चिकटून बसणारा १ सकर. वर टॉप फिल्टर, एक एअर पंप, एक हीटर. टाकीत लाकडाचा मोठा ओंडका आणि काकूंच्या माहेरून येणारी बदामाची वाळकी पानं. या पानांनी पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि माशांना ते मानवतं, हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं. ते खरंही आहे.

निऑन, कोरी, एंजल ही सगळी मंडळी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांची. तिथलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लधर्मी. खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारं महापालिकेचं पाणीही चांगलं मऊ असतं. काकांच्या नळाचं टीडीएस १०० च्या आसपास यायचं. पुण्यात टेट्रा पाळणाऱ्याला याहून सोपं पाणी मिळणार नाही. पण या मऊपणाची एक किंमत असते. तिच्याकडे पुढे येतोच.

पहिल्या वर्षी काका दर रविवारी २५-३० लिटर पाणी बदलायचे. पुढे गुडघे दुखायला लागले आणि बादल्या उचलणं बंद झालं. मग पाणी आटेल तेवढी भर घालायची, एवढंच राहिलं. शेवटचं खरं पाणी बदलणं डिसेंबरातलं, म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचं. मासे ठणठणीत दिसत होते, पाणी काचेसारखं होतं. स्वयंपाकघरातल्या फिल्टरवाल्यानं दिलेली टीडीएसची पेन काका अधूनमधून टाकीत बुडवायचे. आकडा ४०० च्या आसपास यायचा. "पिण्याच्या पाण्याला पाचशे चालतं म्हणतात, मग यांना काय हरकत आहे," असं त्यांचं म्हणणं.

हल्ली प्रत्येक घरात टीडीएसची पेन असते, पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे (आकडा ७ च्या जितका खाली तितकं जास्त), ते मोजायची बाटली मात्र शंभरात एखाद्याकडे. टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत. त्यात चुना किती आणि माशांची लघवी किती, हे ती पेन सांगत नाही.

मार्चमधली खूण

या प्रकरणाचा पहिला निर्णयबिंदू मे महिन्यातला नाहीच. मार्चमध्ये काकांनी दोन नवे एंजल आणले. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, तापमान जुळवलं आणि मासे सोडले. दोन्ही तिसऱ्या दिवशी गेले. जुन्यांना काहीच झालं नाही. काकांनी निष्कर्ष काढला की दुकानदारानं आजारी मासे गळ्यात मारले. भांडण झालं नाही, पण त्या दुकानात जाणं थांबलं.

जुने मासे मजेत आणि नवे तीन दिवसांत खलास, हे दिसलं की आधी टाकीचा पीएच मोजावा. पाणी महिनोन्महिने थोडं थोडं बिघडत गेलं तर आतले मासे त्याला सरावत जातात. नव्या माशाला तोच बदल एका क्षणात सोसावा लागतो. तापमान अर्ध्या तासात जुळतं, पीएच जुळत नाही. त्या दिवशी काकांकडे पीएचची बाटली असती, तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. मीही मार्चमध्ये त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. नवे मासे मेल्याचं ऐकलं, "होतं असं काका" म्हणालो आणि चहा पिऊन निघालो. हे माझ्या खात्यावर.

तो शनिवार

मे महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. महापालिकेचं पाणी कमी झालं आणि सोसायटीत टँकर सुरू झाले. नातू सुट्टीला आला आणि माशांना दिवसातून चार-पाच वेळा खाणं मिळायला लागलं.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करू लागले. टाकीचं तापमान ३१ अंश. काकांनी लगेच ओळखलं की उष्म्यानं घुसमट होते आहे. हे निदान बरोबर होतं. समुद्रसपाटीला २५ अंशांचं पाणी लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं, ३० अंशांना ते साडेसातवर येतं. पुण्याच्या उंचीवर आणखी थोडं कमी. उलट पाणी तापलं की माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. त्यात तळाशी कुजणारं उरलेलं खाणंही ऑक्सिजन खातं. निऑन आणि कोरींना २३-२५ अंश सुखाचे. ३१ म्हणजे त्यांच्यासाठी ज्वरच.

इथे दुसरा निर्णयबिंदू. काकांपुढे दोन रस्ते होते. एक, हवा वाढवायची आणि पाणी थंड करायचं. दोन, पाणीच बदलायचं. त्यांनी दुसरा धरला, कारण "पाच महिने बदललं नव्हतं, मनात खात होतंच."

काकांनी ७० लिटर पाणी काढलं. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी त्या वेळी हाताला चांगलंच गरम लागत होतं, म्हणून बादल्यांत बर्फाच्या बाटल्या सोडल्या. अँटीक्लोरीनचे थेंब टाकले. वर मूठभर खडे मीठ. साडेचारला टाकी पुन्हा काठोकाठ भरली. पाणी झळझळीत दिसत होतं आणि नातवानं फोटोही काढला.

साडेसहाला पहिला निऑन तळाशी उलटा दिसला. मग एंजल तिरके पोहायला लागले, मधूनच दचकून काचेवर आपटायला लागले. कोरी वर जाऊन हवा गिळायच्या आणि दगडासारख्या खाली यायच्या. झोपेपर्यंत ७ निऑन आणि २ कोरी गेल्या होत्या. काकांनी एका ओळखीच्या दुकानात फोन केला. उत्तर आलं, "पाण्यात काहीतरी आहे, सकाळी अजून पाणी बदला." सकाळी सातला काकांनी आणखी ४० लिटर बदललं. अकरापर्यंत आणखी ७ : २ एंजल, ३ निऑन, १ कोरी, १ विडो.

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. मासे तडफडत असतील तर दहापैकी नऊ वेळा "पाणी बदला" हेच बरोबर उत्तर असतं. ही दहावी वेळ होती.

बाल्कनीतली बादली

दहा वाजता मला फोन आला. मी माझ्या चालू टाकीतला एक स्पंज फिल्टर पिशवीत, पाण्यासकट घेतला, टेस्ट किट घेतलं आणि पोहोचलो. टाकीतल्या पाण्याचं माप असं आलं : पीएच ८.०, तापमान ३० अंश, अमोनियाचा रंग २ आणि ४ च्या मधला, म्हणजे साधारण ३ पीपीएम (लिटरमागे ३ मिलिग्रॅम). नायट्राइट शून्य. नायट्रेटच्या नळीत गडद लाल.

अमोनिया ३ म्हणजे भयंकर. पण कोडं असं की कालपर्यंत मासे ज्या पाण्यात जगत होते, त्याचे जवळजवळ दोन तृतीयांश काढून टाकूनही एवढा अमोनिया आला कुठून? टँकरच्या पाण्याची चाचणी केली. अमोनिया शून्य, पीएच ८.१, टीडीएस ७८०. काळ्या खडकातल्या बोअरचं किंवा विहिरीचं नेहमीचं कठीण पाणी, त्यात काही वावगं नव्हतं.

उत्तर काकूंनी दिलं, तेही नकळत. टाकीतलं जुनं पाणी झाडांना फार चांगलं म्हणून त्यांनी शनिवारच्या पाण्यातली एक बादली बाल्कनीत मोगऱ्यासाठी ठेवली होती. तिच्यातलं पाणी तपासलं. पीएचच्या बाटलीचा सगळ्यात खालचा रंग ६.० चा. नळी त्याच पिवळ्या रंगाची झाली, म्हणजे पीएच ६ किंवा त्याहूनही खाली. अमोनिया ८ पीपीएम, तक्त्यावरचा शेवटचा रंग. केएचच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग पालटला, म्हणजे केएच जवळपास शून्य.

आता सगळं जुळलं. केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि केएच खर्च होत जातो. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साधारण ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता लागते. पुण्याच्या नळाचा केएच २ धरला तर लिटरला ३६ मिलिग्रॅम जमा. म्हणजे नायट्रेट जेमतेम २०-२२ पीपीएम होईपर्यंत ही पुंजी संपते. दर आठवड्याला पाणी बदललं की ती पुन्हा भरली जाते. नुसती भर घातली तर थोडीच भरली जाते आणि रोजचा खर्च तर चालूच. लाकूड आणि बदामाची पानं त्यात आपलं आम्ल घालतात. पुंजी संपली की पीएच कोसळतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळजवळ बंद पडतं आणि अमोनिया साठायला लागतो. नायट्राइट शून्य का, याचंही उत्तर यातच होतं. कारखानाच बंद होता.

मग मासे मेले का नाहीत? कारण पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांमधून आत शिरतो आणि जाळतो. दुसरं अमोनियम, जे त्या मानानं निरुपद्रवी. आम्लधर्मी पाण्यात बहुतेक सगळं अमोनियमच असतं. ३० अंशांना पीएच ६ असेल तर हजारात एकाहूनही कमी भाग मोकळा. म्हणजे ८ पीपीएममधला विषारी भाग फक्त ०.००६. धोक्याची रेघ साधारण ०.०२ ची धरतात. काकांचे मासे त्या रेघेच्या खाली, वाईट पण जगता येईल अशा पाण्यात होते.

शनिवारी त्यात ८.१ पीएचचं, भरपूर केएच असलेलं पाणी आलं. बादलीतलं जुनं पाणी आणि टँकरचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून मी ओट्यावर मोजून पाहिलं : ७.६. एकूण अमोनिया निम्म्यावर, ४ वर आला. पण ३० अंशांना ७.६ पीएचवर त्यातला तीन टक्क्यांहून थोडा जास्त भाग मोकळा होतो, म्हणजे ०.१२. वीसपट. रविवारी सकाळी आणखी पाणी बदललं, एकूण अमोनिया ३ वर उतरला, पण पीएच ८ वर गेला आणि मोकळा भाग साडेसात टक्क्यांच्या जवळ पोहोचला. ०.२२. अमोनिया कमी झाला आणि विष जवळजवळ दुप्पट झालं. दुसऱ्या बदलानं पहिल्यापेक्षा वाईट का केलं, हे काकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवल्यावरच पटलं. बँकेतला माणूस.

उष्म्याचाही यात वाटा आहे. हाच पीएच ८ आणि तापमान २५ असतं तर मोकळा भाग साडेपाच टक्क्यांच्या आत राहिला असता. मे महिन्यात चूक महाग पडते ती अशी.

समोरचे पर्याय

अकरा मासे जिवंत होते : २ एंजल, २ निऑन, ३ कोरी, २ गुरामी, १ विडो, १ सकर. वेळ फार नव्हता.

सगळ्यात मोहात पाडणारा पर्याय पीएच खाली आणायचा. लिंबू, व्हिनेगर किंवा दुकानातली पीएच कमी करायची बाटली. कागदावर हे अचूक दिसतं : पीएच ७ वर आणा, विष दहापट उतरेल. पण टँकरच्या पाण्यात आता केएच भरपूर होता. तो आम्ल गिळत राहतो, पीएच हलत नाही. आपण आणखी ओततो, मग एकदम घसरतो आणि काही तासांत पुन्हा वर येतो. या झोक्यात उरलेले मासे गेले असते. काकांनी लिंबू कापून ठेवलं होतं. त्याचं सरबत केलं.

दुसरा पर्याय, टाकीतच ८०-९० टक्के पाणी बदलायचं. खरं सांगायचं तर हिशेबात हे बसत होतं. एकूण अमोनिया इतका खाली येतो की पीएच ८ असूनही विष उतरतं. अडचण तळाची होती. खडी ढवळली की पाच महिन्यांचा गाळ वर येणार होता आणि मासे त्यातच असणार होते.

तिसरा, अमोनिया शोषणारं झिओलाइट फिल्टरमध्ये टाकायचं. ते माझ्याकडे होतं. पण त्याला वेळ लागतो आणि पाण्यात मीठ असेल तर झिओलाइट धरलेला अमोनिया सोडूनही देतं. काकांचं मूठभर खडे मीठ इथे आडवं आलं.

चौथा, मासे बाहेर काढायचे. अमोनियाच नसलेल्या पाण्यात ठेवायचे आणि टाकीशी सावकाश भांडायचं. आम्ही हा धरला.

काय केलं

नातवाचा आंघोळीचा जुना टब होता, ६० लिटरचा. कोपऱ्यावरून २० लिटरचा पाण्याचा एक जार मागवला, त्यात क्लोरीन काढलेलं ४० लिटर टँकरचं पाणी. टीडीएस साडेपाचशेच्या आसपास झाला. निव्वळ जारचं मऊ पाणी का नाही, असं काकूंनी विचारलं, आणि प्रश्न चांगला होता. एव्हाना टाकीचा टीडीएस साडेसहाशेला पोहोचला होता. मासे एका दिवसात ४०० वरून तिथे ढकलले गेले होते. त्यांना पुन्हा एकदम शंभरच्या खाली ढकलणं म्हणजे दुसरी शिक्षा. टबाचा पीएच ७.९ होता. पण अमोनिया शून्य असेल तर या पीएचमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. टेट्रा त्यात अंडी घालणार नाहीत, पण जगतील.

माझ्या टाकीतला स्पंज अर्धा कापून टबात एअर पंपावर लावला. त्यात जिवंत, काम करणारे जिवाणू होते. टबातल्या माशांना पहिले दोन दिवस उपास. मग दिवसातून एकदा, चिमटीभर. टबातलं १५ लिटर पाणी रोज बदलायचं, तसंच मिसळलेलं. अमोनिया ०.२५ च्या वर कधी गेला नाही.

टाकीतलं ९० टक्के पाणी काढलं, खडी सायफननं खेचली. निघालेला गाळ पाहून काका गप्प झाले. टॉप फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, हे मी तीनदा सांगितलं. क्लोरीननं उरलेसुरले जिवाणूही जातात. तो टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घेतला. मग एक वाटा जारचं आणि दोन वाटे टँकरचं पाणी, झिओलाइट जाळीच्या पिशवीत घालून तीन दिवस. मीठ नाही. माझ्या स्पंजाचा दुसरा अर्धा भाग टॉप फिल्टरमध्ये. बदामाची पानं बाहेर, लाकूड आत.

तापमानासाठी टाकीचं झाकण काढून टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात बाष्पीभवनानं तीनेक अंश सहज उतरतात. टाकी २८ वर स्थिरावली. मुंबईत किंवा कोकणात दमट हवेमुळे हा उपाय इतका साधत नाही. पाणी रोज तीन-चार लिटर आटत होतं, त्याची भर जारच्या पाण्यानं. आटताना क्षार मागे राहतात, म्हणून भर नेहमी मऊ पाण्याची.

निकाल

टबात गेल्यावर आणखी दोन मासे गेले : एक निऑन, एक एंजल, दोन्ही मंगळवारी. उरले नऊ.

त्यात ३ कोरी, २ गुरामी आणि सकर होते. हे तिघेही प्रकार वरची हवा घेऊ शकतात. गुरामीला त्यासाठी डोक्यात वेगळं इंद्रियच असतं, कोरी आणि सकर गिळलेल्या हवेतून पोटाच्या नळीनं ऑक्सिजन घेतात. अमोनियानं कल्ले जळाले तरी त्यांच्याकडे दुसरी वाट होती, असं मला वाटतं. पहिल्या रात्री तरी दोन कोरी गेल्याच, तेव्हा हा नियम म्हणून मांडत नाही.

टाकीत सहाव्या दिवशी नायट्राइट दिसायला लागला, १ पीपीएमपर्यंत चढला. कारखान्याचा पहिला विभाग सुरू झाला होता, दुसरा मागून येत होता. बाराव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. त्या संध्याकाळी मासे परत टाकीत गेले. या वेळी मी टबातच टाकीचं पाणी तासभर नळीनं थेंब थेंब सोडलं.

जुलैत धरणाचं पाणी परत आलं, म्हणजे पुन्हा केएच २. इथे एक निर्णय घ्यावा लागला. टाकी जुन्यासारखी मऊ करत न्यायची, की थोडी कठीणच ठेवायची? दर आठवड्याला २० लिटर नळाचं पाणी घालत टाकी हळूहळू मऊ होऊ दिली, पण फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा एका पिशवीत ठेवला. पाणी आम्लाकडे झुकलं की चुरा थोडा विरघळतो आणि केएच सावरतो. ऑगस्टअखेर पीएच ७.२, केएच ४ वर थांबला. ॲमेझॉनचं पाणी नव्हे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला सांभाळता येईल असं. वीस लिटरसाठी बादली उचलावी लागू नये म्हणून नळाला लांब पाईप जोडला. हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

शनिवारी दुपारी दोन वाजता माशांना हवा आणि पंखा हवा होता. एअर पंपाची दुसरी नळी, झाकण उघडं, टेबलफॅन, खाणं बंद. हे सगळं घरात होतं. तेवढ्यानं त्या दिवसाची घुसमट सुटली असती आणि जुन्या पाण्याचा प्रश्न शांतपणे सोडवायला आठवडे मिळाले असते.

तो सोडवायचा कसा, हे मला आज असं वाटतं : आधी पीएच आणि अमोनिया मोजायचा. पीएच ६ च्या खाली आणि अमोनिया जास्त असेल तर पीएच तसाच ठेवून आधी अमोनिया काढायचा. मिठाशिवाय झिओलाइट, खाणं बंद, आणि रोज जारच्या मऊ पाण्यानं ७-८ लिटर बदल. मऊ पाण्याला केएच नसल्यामुळे पीएच उसळत नाही, नुसता अमोनिया पातळ होतो. तो १ च्या खाली आल्यावरच थोडं थोडं नळाचं पाणी, म्हणजे केएच. याला दोन-तीन आठवडे लागले असते. कंटाळवाणं काम, पण २७ मासे.

रविवारच्या कामात माझीही एक चूक आहे. काकांकडे एकच थर्मामीटर होता आणि तो टाकीतच राहिला. टबात हात घालून "ठीक आहे" म्हणालो. मासे सोडल्यावर मोजलं तर टब २७ अंशांना, टाकी ३० ला. तीन अंशांचा धक्का निरोगी मासा कदाचित पचवेल, जळालेल्या कल्ल्यांचा मासा नाही. मंगळवारी गेलेल्या दोघांना अमोनियानं मारलं की मी, हे सांगता येत नाही. शिवाय आल्या आल्या मी वीस मिनिटं रंग जुळवत बसलो. आधी टब भरायला लावून मग चाचण्या करायला हव्या होत्या. कारण कोणतंही निघालं असतं तरी टब लागणारच होता.

मीठ टाकणं ही सवयीची गोष्ट झाली आहे. नायट्राइट वाढला तर ते खरोखर उपयोगी पडतं. पण काय झालंय हे न कळता टाकलेली मूठ पुढचा एक उपाय बंद करते, हे इथे दिसलं.

एकटा उरलेला निऑन चार महिने ओंडक्याच्या सावलीत बसून होता. तो थव्यातला मासा, एकटा असला की रंगही फिका पडतो. काका दर रविवारी पीएच मोजून वहीत लिहीत होते आणि दर रविवारी विचारत होते, "आता आणू का रे याला सोबत?" सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते मार्चमध्ये सोडून दिलेल्या त्या जुन्या दुकानात गेले, आठ निऑन घेतले आणि घरी येऊन आधी पिशवीतल्या पाण्याचा पीएच मोजला. ७.०. टाकीचा ७.२. तरीही तासभर नळीनं थेंब थेंब.